जिवंत माणसाचा दिवा

कराराचं पहिलं वर्ष, पानगळ

दादा,

पोचले. वाटेत गाडी लागून मला उलट्या झाल्या, हे आईला सांगू नकोस.

ओलिसाने वर्षातून एकच पत्र घरी पाठवायचं असा नियम आहे, आणि ते आधी थोरल्या बाई वाचणार. थोरल्या बाई म्हणजे इथल्या राज्यकर्त्या. त्यांना राणी म्हटलेलं आवडत नाही. (बाई, नमस्कार. तुमच्याकडचं जेवण बरं आहे, पण मीठ फार असतं.)

करार मी येताना गाडीत पुन्हा वाचला. दुसरं वाचायला काही नव्हतं. वरच्या शहराने नदीचे दरवाजे वेळेवर उघडून खाली पाणी सोडायचं, खालच्या शहराने वर चालून यायचं नाही, आणि दोघांनी शब्द पाळावा म्हणून आपल्या घरातलं एक मूल इथे राहायचं. 'एक मूल' एवढंच लिहिलंय. मोठं की धाकटं ते लिहिलेलंच नाही, आणि त्या जागेचा तू छान फायदा घेतलास. रागावू नकोस, चेष्टा करतेय. बाबा नाहीत, मोठा झालास की गादीवर तुलाच बसायचं आहे हे मला कळतं. शिवाय तू इतका रडत होतास की मी जाते म्हटल्याशिवाय घरात कुणाला जेवण गेलं नसतं.

माझा दिवा कसा आहे? निघायच्या दिवशीची गंमत तू कुणाला सांगितलीस का? आई तोंड फिरवून रडत होती, मामा घोड्यांकडे होता, म्हणून आपल्या दोघांशिवाय कुणी पाहिलं नाही. मी वातीवर फुंकर घातली, ज्याचा त्याच्याच फुंकरीने पेटतो तसा दिवा पेटला, आणि लगेच विझला, कारण वात ओली होती. तू म्हणालास, "मेलीस की गं!" मग आपण दोघं तोंड दाबून हसलो आणि मी परत फुंकर घातली. सगळ्यांना वाटलं पहिल्यांदाच पेटला. मी जिवंत आहे तोवर तो जळणार आणि तो विझला की मी मेले असं दोन्ही शहरं धरून चालणार, म्हणून तो तुझ्या खोलीत ठेवलाय ते मला आवडलं. तेल आणि वात बघ म्हणजे झालं. त्याच्याबरोबर ते पितळी झाकण कशाला देतात कोण जाणे, ते कधी घालायचं तर नसतं.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी नीट लागत नाही, सारखा वारा येतो. कपाट मोठं आहे पण त्यात ठेवायला माझ्याकडे काही नाही. दाराशी एक पहारेकरी असतो, तो दिवसभर खोकतो, म्हणून त्याचं नाव मी खोकल्या ठेवलंय. काल जिन्यात उभी राहिले तर माझ्यावर ओरडला. नंतर त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण त्याने मला अर्धं सफरचंद दिलं.

वेशीपाशी तू म्हणालास, "लवकरच येईन न्यायला." लवकर म्हणजे कधी ते कळव.

तुझी
धाकटी


चौथं वर्ष, वसंत

दादा,

तू गादीवर बसलास हे मला तुमच्या वकिलाकडून कळलं. तोही मला सांगायला आला नव्हता. तो बाईंना सांगत होता आणि मी तिथे बसले होते. अभिनंदन. अंगरखा निळा होता म्हणे. निळा तुला शोभत नाही, तू आजारी दिसतोस.

तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. आईलाही तूच वाचून दाखवत असशील ना? की तेवढंही नाही? मला आता लवकर न्यायला ये असं म्हणायचं नाही. निदान एक ओळ तरी. वकील इथे दर महिन्याला येतो, त्याच्या पिशवीत एका ओळीला जागा होणार नाही असं मला वाटत नाही.

मी कुठे बसले होते ते सांगायचं राहिलं. बाई फिर्यादी ऐकतात त्या दालनात मला हल्ली बसवतात, खांबाच्या मागे, छोट्या स्टुलावर. त्यांचं म्हणणं, खोलीत बसून मी भिंतीशी बोलायला लागेन आणि मग त्यांना ओलीस म्हणून एक वेडी पोसावी लागेल. दालनात सगळे नाकाने कांदे सोलत येतात. प्रत्येकाला वाटतं आपण सोडून सगळं शहर चोर आहे. बाई ऐकून घेतात, मग जो गप्प बसलाय त्याला विचारतात, तुझं काय? आणि बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथे निघते. मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं? तर म्हणाल्या, "ज्याला जिंकायचं असतं तो बोलतो. ज्याचं नुकसान झालेलं असतं तो आधी बघत बसतो, ऐकणार कोण आहे ते."

दादा, मी चार वर्षं बोलतेय. आता थोडी गप्प बसून बघते.

धाकटी


सातवं वर्ष, उन्हाळा

दादा,

तुझी शाल मिळाली. आणि चिठ्ठी. 'दिवा छान जळतोय. काळजी घेतो.' एवढंच, पण अक्षर तुझंच. मी ती इतक्या वेळा वाचली की खोकल्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, छोटी आहे. मी म्हणाले, माझा भाऊ कमी बोलतो.

मधल्या दोन वर्षांत मी तुला मुद्दाम लिहिलं नाही. आणि त्याआधी जे लागट लिहिलं ते विसरून जा. एकटं माणूस मनात काहीबाही वाढवत बसतं.

आता कामाचं. पाऊस झालेला नाही आणि इथल्या कारभारी मंडळात नदीचे दरवाजे बंद ठेवावेत असं जोरात चाललं होतं. म्हणजे आपल्याकडची शेतं करपली असती. मी बोलले. स्टुलावरून उठून खांबाच्या पुढे आले आणि बोलले. आवाज बरा निघाला. मी म्हणाले, खालच्यांनी सात वर्षं शब्द पाळला आहे आणि त्याचा पुरावा तुमच्यासमोर उभा आहे, रोज तुमचं खारट जेवण जेवतो आहे. काहीजण हसले. हसल्यावर माणसं ऐकतात. दरवाजे निम्मे उघडले आहेत. हे पत्र पोचेल त्याआधी पाणी पोचलं असेल.

हे मी केलं, हे तुला कळावं असं मला वाटलं. तुझ्यासाठी मी इथे बसून काहीतरी करू शकते. आईला सांग.

वकील म्हणत होता तू सैन्य वाढवतोयस. डोंगरापलीकडच्या लुटारूंसाठी असेल. जपून राहा.

तुझी
धाकटी


आठवं वर्ष, हिवाळा
(न पाठवलेलं)

दादा,

हे पत्र जाणार नाही. मेलेल्यांची पत्रं कुणी नेत नाही.

सकाळी खोकल्याने पाणी आणलं नाही. दार उघडून बघितलं तर तो भिंतीकडे तोंड करून उभा. हाक मारली, त्याने मान वळवली नाही. मला वाटलं आजारी आहे. खांद्याला हात लावला तर इतका मोठा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला, पण माझ्याकडे बघेना. जिन्यात सगळे असेच. स्वयंपाकघरात वाढपीण माझ्या अंगावरून नजर फिरवून चुलीकडे वळली. दिवा विझलेल्या माणसाला हाक मारायची नाही, त्याचं ऐकायचं नाही, त्याला वाढायचं नाही. कायदा लहानपणी पाठ केला होता. तो अंगावर आला तेव्हाच कळला. मी स्वतःच वाढून घेतलं आणि उभ्याने खाल्लं.

मग थोरल्या बाई माझ्या खोलीत आल्या. त्या कायदा मोडत नाहीत. त्या माझ्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "कपाटा, ऐक."

कपाटाने ऐकलं ते असं. खालच्या राजाच्या खोलीत त्याच्या बहिणीचा दिवा विझलेला सापडला. राजाने शोक केला, मोठा केला. मग जाहीरनामा काढला, की वरच्या शहराने निष्पाप मुलीला छळून मारलं, करार मोडला, आता सूड. बाईंनी तो कपाटाला वाचून दाखवला. त्यात माझं पहिलं पत्र होतं, दादा. माझं सफरचंद त्यात होतं. 'तिला वाऱ्यात ठेवलं जात असे. खिडकी लागत नसे. पहारेकरी तिच्यावर ओरडत असे. तिला अर्ध्या फळावर दिवस काढावा लागे.' तू माझं पत्र वाचलं होतंस. सगळी वाचली होतीस. मला वाटायचं तू उघडतही नसशील, आणि तू त्यातून कामाचं तेवढं वेचत होतास. उत्तर लिहायला मात्र तुझ्याकडे शाई नव्हती.

आणि शेवटी लिहिलंय, शत्रू तिच्यासारखी दिसणारी एखादी पोरगी भिंतीवर उभी करेल, तिच्यावर विश्वास ठेवू नये. म्हणजे ही वाटही तू आधीच बंद केलीस. हुशार आहेस. लहानपणी खेळात हरायला लागलास की पट उधळायचास, तेव्हा एवढा हुशार नव्हतास.

मी जिवंत असताना तुला चालून येता येत नव्हतं. आईने येऊ दिलं नसतं, मामाने सैन्य दिलं नसतं. मी मधे होते. मग तू ते पितळी झाकण घेतलंस, ते कधीच घालायचं नसतं ते, आणि माझ्या दिव्यावर ठेवलंस. आत हवा संपेपर्यंत उभा राहिलास का? की ठेवून जेवायला गेलास? मला एवढंच विचारायचंय. तू तिथे उभा होतास का?

तू केसाने गळा कापलास, दादा. आणि मी पाणी सोडायला लावलं त्या शेतांचं धान्य खाऊन तुझं सैन्य निघालंय.

इथल्या मंडळाला मला नदीत ढकलायचं होतं. करार मोडला, ओलिसाचा जीव गेला पाहिजे, हेही करारातच आहे. बाई त्यांना म्हणाल्या, "ती मेलेली आहे. खालच्यांनी कायद्याने जाहीर केलंय, आपण मान्य केलंय, पहारेकऱ्यापासून वाढपिणीपर्यंत सगळे पाळतायत. आता तिला पुन्हा मारायचं म्हणता? दोनदा मारायचा कायदा मला दाखवा." कुणाला दाखवता आला नाही. म्हणजे तुझ्या खोटेपणानेच माझा जीव वाचला. आभार मानू का?

निघताना बाई दारात थांबल्या, कपाटाकडे बघून. म्हणाल्या, "कपाटा, आणखी एक. सैन्याच्या सगळ्यात पुढे तो विझलेला दिवा आणतायत. लोकांची डोकी तापावीत म्हणून. मुलीची आई मांडीवर घेऊन बसलीये म्हणतात. झाकणासकट."

दार लागल्यावर मी खाली बसले. आई. तू आईला पुढे घातलंस. रडून घेतलं मी, भरपूर, खिडकी नीट लागत नसल्यामुळे बाहेर ऐकू गेलं असेल, पण कुणी ऐकायचं नाहीच आहे.

मग मला ती ओली वात आठवली.

तू विसरलास. आठ वर्षं गादीची आणि चढाईची स्वप्नं बघणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. मला दुसरं काही लक्षात ठेवायलाच नव्हतं. दिवा एकदा विझला होता आणि परत पेटला होता, माझ्याच फुंकरीने. ते फक्त दोघांनी पाहिलं होतं, आणि त्यातला एक माझा पुरावा मिरवत माझ्या दारात आणून ठेवतोय.

परत पेटेल की नाही ते मला माहीत नाही. तेव्हा वात क्षणभरच विझली होती. आता सैन्य इथे पोचेपर्यंत महिने झालेले असतील. नाही पेटला तर मी तोतया ठरेन आणि आईच्या डोळ्यांसमोर मला भाल्यावर घेतील. पण तुझं तोंड बघायला मिळेल अशी दुसरी वाट मला दिसत नाही. तुझा जीव नको मला, दादा. तोंड बघायचंय.

मी


तेच वर्ष, वसंत

दादा,

तुला कोठीच्या खोलीत ठेवलंय असं मामा म्हणाला. तिथे उंदीर आहेत, लहानपणी तुला भीती वाटायची. तू निरोप पाठवलास की हे सगळं कसं झालं ते मला समजलं पाहिजे. बरोबर आहे. तू मागे टेकडीवर तंबूत होतास. पुढे घालायला आई होतीच. तर ऐक.

मी पुलावरून एकटी चालत आले. बाईंनी वेशीचा दरवाजा उघडायला लावला, आणि तेही मला बघून नाही. त्यांनी पहारेकऱ्यांना सांगितलं, थोडा वारा येऊ दे. दुपार होती, ऊन होतं, सगळ्यांना मी स्वच्छ दिसत होते. तुझ्या सैन्यातून कुणीतरी 'तोतया' ओरडलं, मग पुष्कळजण. एक दगड लागला, कपाळावर आहे ती खूण त्याची. बाण कुणी सोडला नाही, कारण मामाने हात वर केला होता. पण मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता, जसं बघायला त्याला कायद्याने शिकवलंय.

गाडीत आई. किती म्हातारी झाली आहे ती, दादा. मांडीवर दिवा, दोन्ही हात झाकणावर, आणि डोळे मिटलेले. मी तिला हाक मारली असती तर तिने ऐकायचं नाही असा नियम. म्हणून मी बाईंकडून शिकलेलं केलं. गाडीच्या चाकाशी बोलले. म्हणाले, "चाका, त्या बाईंना सांग, झाकण काढा. आणि त्यांच्या धाकटीला गाडी लागायची हे त्यांना कुणी सांगितलं नसेल, तेही सांग."

आईने डोळे उघडले नाहीत. झाकण काढलं.

मी फुंकर घातली. काही नाही. पुन्हा घातली. काही नाही. मागे माणसं हसायला लागली. मग मी वात नीट पाहिली. टोक कोळसा होऊन कडक झालेलं. जळकं टोक कापल्याशिवाय कुठली वात पेट धरते? मी नखांनी ते खुडलं आणि तिसऱ्यांदा फुंकर घातली.

पेटला. आधी निळा, मग पिवळा. आईचा हात भाजला असेल, तिने तो काढला नाही. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "किती बारीक झालीस."

एवढंच म्हणाली. मागचं हसणं थांबलं होतं. पुढच्या रांगेने पाहिलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, पण ते कानोकानी टेकडीपर्यंत जायला वेळ लागणार होता, म्हणून तेवढ्यात तुझ्यापर्यंत पोचलं नाही. मामाने आईच्या हातातून झाकण घेतलं, उलटं केलं, आणि आतून बोट फिरवून बघत राहिला. बोट काळं झालं. आपोआप विझलेल्या दिव्याच्या झाकणाला आतून काजळी कुठून येणार? झाकण कधी घालायचंच नसतं. एवढे महिने ते आईच्या मांडीवर होतं, पण ते उलटं करून बघावं असं कुणाला वाटलं नाही. जिवंत माणसाचा दिवा विझवता येतो हेच कुणाला सुचलं नव्हतं. तेवढं सुचणारा तू एकटाच.

आई म्हणाली, "बोलव त्याला." मामाने तुला निरोप पाठवला, तोतया पकडली आहे, येऊन बघा. मुद्दाम तसा पाठवला. म्हणून तू घोड्यावरून हसत आलास.

मला तुझं तोंड बघायला मिळालं. मला वाटलं होतं, एवढे महिने ज्याच्यावर जगले ते प्रत्यक्ष पाहिल्यावर कदाचित काहीच वाटणार नाही, लोक तसं सांगतात. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. अजून वाटतं. जेवताना मधेच आठवतं आणि जेवण गोड लागतं.

आता तुझं काय करायचं ते. ओलिसाचा दिवा ज्याने विझवला त्याचा शब्द चालत नाही, म्हणून गादी गेली. आपल्या मंडळाने मला बसवलं. काहींना तुला फासावर द्यायचं आहे. मामाचं म्हणणं, कायद्याने मेलेला ठरवावं, म्हणजे कुणी बघायचं नाही, कुणी वाढायचं नाही, आणि तू या शहराच्या रस्त्यांवरून हिंडत राहायचंस. मामा तुझ्यावर माझ्याइतकाच चिडलाय, कारण तू त्याला फसवून सैन्य काढायला लावलंस. मी दोन्हीला नाही म्हणाले. त्यांना वाटलं माझं मन द्रवलं.

काल थोरल्या बाईंचा वकील आला. नवा करार करायचा आहे, मजकूर जुनाच. घरातलं एक मूल. वकिलाने विचारलं, कोण?

आई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हे तू मला न विचारता करू नकोस."

मी म्हणाले, "मला पाठवलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

ती उठून गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही. तेही तुझ्याच हिशोबात धरलंय.

सामान बांध. शाल घेऊन जा, तुझीच आहे.

धाकटी


नव्या कराराचं पहिलं वर्ष, पानगळ

दादा,

तुझं पत्र मिळालं. बाईंनी वाचून पुढे पाठवलं, कोपऱ्यात त्यांची खूण आहे. सोबत हिवाळ्यातलं माझं न पाठवलेलं पत्रही देते. वाचायला दुसरं काही नसेल.

खिडकी नीट लागत नाही अशी तुझी तक्रार आहे. मला माहीत आहे. बाई दुरुस्त करणार होत्या, मीच राहू द्या म्हणून कळवलं. कपाट मोठं आहे ना? त्याच्याशी बोलता येतं. खोकल्याशी नीट वाग. तो ओरडला तर मनावर घेऊ नकोस, नंतर काहीतरी खायला आणून देतो. जेवणात मीठ जास्त आहे हे बाईंना सांगण्यात अर्थ नाही, मी आठ वर्षं सांगत होते.

तू लिहिलंस की आता मी सुखी असेन. थोडी आहे. आठवड्यातून एकदा दालनात फिर्यादी ऐकते. खांबाच्या मागे एक स्टूल ठेवलंय, तिथे बघत बसणाऱ्यांना बसू देते. आई परवा आली आणि त्या स्टुलावर बसली. मी तिला विचारलं, तुझं काय? ती म्हणाली, दोन्ही पोरं एका घरात बघायची होती. मग उठली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि गेली.

निघायच्या दिवशी तुझी वात मी स्वतः निवडली. उन्हात वाळवलेली, खडखडीत. म्हणून पहिल्याच फुंकरीत पेटली, आणि हसायला काही झालं नाही. गाडीत चढताना तू माझा हात धरलास आणि विचारलंस, कधी नेणार? मामा दुसरीकडे बघायला लागला. मी जे म्हणाले ते तू पत्रात पुन्हा विचारलं आहेस, लवकर म्हणजे कधी. मी तुझेच शब्द तुला दिले होते, दादा. त्यांचा अर्थ तुलाच ठाऊक असायला हवा.

एक गोष्ट मात्र लिहिते, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. यंदा वरचे दरवाजे उशिरा उघडले. शेतकरी चिडले आहेत. मंडळात एक गृहस्थ सहज बोलावं तसं म्हणाले, ओलिसाचं काही बरंवाईट झालं तर आपल्याला चालून जायला कारण मिळेल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्हाला तर त्याचं दुःखही होणार नाही. कुणी त्यांना गप्प केलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तुझ्यापुढेही कुणीतरी असंच सहज बोललं असेल. मी त्यांना बाहेर काढलं, पण लगेच नाही. मधे थोडा वेळ गेला, आणि तो मामाने पाहिला.

तुझा दिवा माझ्या खोलीत आहे. छान जळतोय. काळजी घेते. तेल मीच घालते, वात मीच कापते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. झाकण पुसून शेजारी ठेवलंय.

तुझी
धाकटी